कागद फाडला म्हणजे ओझं उतरलं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या जोरदार वाद चाललाय. मामेबहीण पार्ल्याला 'लेट गो' वर्कशॉपला जाऊन आली, तिथे मनातलं दुःख रंगवायचं आणि शेवटी तो कागद फाडून टाकायचा. दादरचा काका म्हणतो ही सगळी पैसेवाल्यांची थेरं, आमच्या चाळीत गॅलरीत उभं राहून बोललं की मन मोकळं व्हायचं.

काकाचं मला अर्धंच पटतं. गॅलरीत नोकरीबद्दल, सासूबद्दल बोलता यायचं हो, पण जे बोललं की चार घरांत पोचणार ते तिथे कोण बोलणार? माझ्या आजीचं पहिलं मूल गेलं होतं हे आम्हाला ती गेल्यावर कळलं.

पण त्या वर्कशॉपचीही मला काळजी वाटते. बाबा २०२१ मध्ये कोविडने गेले, मी इकडे लंडनमध्ये, पोचता आलंच नाही. पुढे जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, आर्ट सायकोथेरपीच्या (चित्रं काढत करायच्या मानसोपचाराच्या) ग्रुपला पाठवलं, नंबर लागायला खूप थांबावं लागलं, इथलं हे दुखणं आहेच. तिथे फाडायला कोणी सांगितलं नाही, उलट थेरपिस्ट प्रत्येकाची चित्रं फोल्डरमध्ये जपून ठेवायची आणि मधेच जुनी काढून समोर मांडायची. मी कितीतरी आठवडे हॉस्पिटलचा बंद दरवाजाच काढत होते, आणि ती फक्त विचारायची, यात तू कुठे आहेस? सगळे दरवाजे शेजारी शेजारी मांडले तेव्हा दिसलं की मी एकाही चित्रात नाहीये, आणि मग जे रडू आलं ते सावरायला ती पुढच्या आठवड्यातही तिथे होती. ओझं हलकं झालं ते असं, हळूहळू.

आर्ट थेरपी हे नाव एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२ मध्ये दिलं, तो स्वतः टीबीच्या सॅनिटोरियममध्ये चित्रं काढत बरा झाला होता. आज इथे एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे नोंदणी नसताना स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेणं गुन्हा आहे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी लागते, पण वीकेंडला लोकांच्या जखमा उघडायला बसणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. वाद यावर व्हायला हवा ना! केईएम, सायन, नायरच्या सायकिॲट्री ओपीडीत शिकलेला आर्ट थेरपिस्ट आणि चित्रं ठेवायला एक कुलूपवालं कपाट का नसावं, तेही लालबागच्या बाईला परवडेल असं?

बहिणीला विचारलं, कागद फाडून घरी गेल्यावर कोणी कोसळलं तर फोन कुणाला करायचा, सांगितलं होतं का? नव्हतं. तिला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पाठवलाय, फुकट आहे, तुम्हीही सेव्ह करून ठेवा.