राजे चारच असतात हो, गुणाकार कसला करताय

पोकर खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक हिशोब फिरतोय, मला या आठवड्यात तिसऱ्यांदा आला म्हणून एकदाचं लिहून टाकतो. त्याचं म्हणणं असं की होल्डममध्ये (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये बोर्डवर सगळ्यांचे मिळून पाच) फ्लॉपच्या, म्हणजे बोर्डच्या पहिल्या तीन पत्त्यांच्या आधीच ऑल-इन झालं, म्हणजे सगळे पैसे लावले, की समोर जितके जण तितक्या वेळा जिंकायच्या टक्क्यांचा गुणाकार करायचा. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीला 82 टक्के वेळा हरवते, मग समोर दोन राजांच्या जोड्या असल्या तर 82 गुणिले 82, म्हणजे 67. पुढे म्हणे एक्का-राजा राण्यांसमोर 43 टक्के, तसे दोघं असले तर 86, म्हणून राण्या फेकून द्या. आणि वर "कोणाकडे काय आहे याने फरक पडत नाही, सगळं नशीब".

आधी ते 67 बघू. परवा जेवणं झाल्यावर खरंच कॅट काढून बसलो, दोन एक्के एकीकडे, दोन-दोन राजे दुसरीकडे, उरलेले 46 पत्ते चाळले, एकही राजा नाही. नसणारच ना, चारही हातात गेलेत! (बायको म्हणाली, पेशन्स लावतोयस का.) समोर एकच राजांची जोडी असते तेव्हा पाच पत्त्यांत राजा पडायचा चान्स 20 टक्के असतो, तो इथे थेट शून्य. उरतात फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते, सगळे बदाम वगैरे) आणि स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते), त्यातही दोन रंगांचे एक्के आपल्याच हातात, त्या रंगात फ्लश लागला तरी आपलाच मोठा. एक्के 95 टक्क्यांच्या आसपास जातात. दोघं राजेवाले एकमेकांचाच गळा आवळून बसलेत.

राण्यांचंही तेच, फक्त इथे बेरीज केलीये. मग एक्का-राजावाले तिघं आले तर काय 129 टक्के जिंकणार? एकटा असला तर त्याच्या कामाचे सहा पत्ते कॅटमध्ये शिल्लक, बोर्डवर त्यातला एक तरी पडायचा चान्स 50 टक्के. दोघं आले की सहाचे चार होतात आणि तो चान्स 38 वर येतो. वर एक्का पडलाच तर बहुतेक वेळा पॉट, म्हणजे जमलेले सगळे पैसे, दोघांत वाटून घ्यायचा. राण्यावाला उलट खूश व्हायला हवा, आणि हे त्याला फोल्ड करायला सांगतायत.

"कोणाकडे काय" हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. समोरच्यांचे पत्ते माहीतच नसतील तर काय मोजणार, मान्य. पण तिथेही गुणाकार चुकतोच. अनोळखी पत्त्यांच्या एका खेळाडूसमोर एक्के 85 टक्के, आठ जणांसमोर गुणाकाराने 27 यायला हवेत, येतात 35 च्या आसपास. कारण बोर्ड सगळ्यांचा एकच असतो, तिसरा एक्का पडला की तो आठही जणांच्या छातीवर एकदमच बसतो, प्रत्येकासाठी वेगळा नाणेफेकीचा डाव होत नाही.

आणि टेबलावर तिघं-चौघं मोठे पत्ते घेऊन भिडलेत असा अंदाज असेल तर एका रंगाच्या सत्ती-अठ्ठीला हसू नका. त्यांचे एक्के-राजे एकमेकांकडे अडकलेत, तुमच्या सत्त्या, अठ्ठ्या, नव्व्या सगळ्या अजून कॅटमध्येच पडून आहेत. एकट्या एक्क्यांच्या जोडीसमोरसुद्धा हा हात 23 टक्के जिंकतो, आणि समोरच्या चौघांचे पैसे आत असताना 23 टक्के म्हणजे काही वाईट सौदा नाही, मात्र समोरच्या कोणाकडे त्याच रंगाचा एक्का नको.