खवले मांजराला एक कोटी देतो कोण?

यावल-रावेरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरून फिरून येतो. सोबत अंग गुंडाळून पडलेल्या खवलेदार जनावराचा फोटो असतो. मजकूर थोडक्यात असा: आपल्या सातपुड्यातलं हे खवले मांजर जिवंत धरून दिलं तर एक कोटी मिळतात, खवल्यांची भुकटी मूळव्याधीवर आणि दम्यावर रामबाण, ते मढी उकरून खातं, कोरोना त्याच्यामुळेच आला, म्हणून मारलं तरी पाप नाही. खाली ‘सर्व ग्रुपवर टाका’.

पापपुण्याचं राहू द्या, बाकीचं बघू.

मढ्यांचा मुद्दा सगळ्यात पोकळ. या जनावराला दातच नाहीत, एकही नाही. वीतभराहून लांब, चिकट जीभ वारुळात घालायची, मुंग्या, उधई आणि त्यांची अंडी ओढून घ्यायची आणि तशीच गिळायची. दळण पोटात होतं, सोबत गिळलेल्या बारीक खड्यांच्या मदतीनं. पुढच्या पायांची नखं लांब आणि वाकडी असतात, ती वारूळ फोडायला आणि बीळ खणायला. मसणवट्याजवळ बीळ दिसलं असेलही, जमीन भुसभुशीत असली नि उधई असली की ते कुठंही खणतं. पण मढं खायचं कशानं?

औषधाचं म्हणाल, तर खवले केराटिनचे असतात. आपली नखं, केस याच पदार्थाचे. बैलाला नाल ठोकण्याआधी खूर तासतात, तेव्हा खाली जो चुरा पडतो तोही केराटिनच. त्या चुऱ्यानं कुणाचा दमा गेल्याचं ऐकलंय? ज्या चीनमध्ये या खवल्यांना सर्वांत मोठी मागणी, त्या देशानंही २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधसंहितेतून खवल्यांची स्वतंत्र नोंद वगळली.

कोरोनाचं थोडक्यात. चीनमध्ये तस्करांकडून जप्त झालेल्या मलायी जातीच्या खवले मांजरांत त्याच कुळातले विषाणू सापडल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. माणसाला आजार त्यांच्याकडूनच आला, हे सिद्ध झालेलं नाही. सातपुड्यातली जात तर वेगळीच.

एक कोटीचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण जनावर मरतं ते या एका ओळीपायी. तस्करी होत नाही असं मी म्हणत नाही. होते, म्हणून तर २०१६ साली साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या जागतिक करारातल्या देशांनी जगातल्या आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केला आणि आपली जात आज संकटग्रस्त यादीत आहे. पण पाड्यावरच्या खणून काढणाऱ्याच्या हाती पडते ती चिल्लर. कोटीचा आकडा मांडूळ सापाच्या अफवेतल्यासारखाच, गळाला लावलेलं आमिष. फोनवरचा माणूस आधी वजन विचारतो, मग व्हिडिओ मागतो, ‘पार्टी मुंबईची आहे’ म्हणतो आणि गाडीभाडं नि टेस्टिंग म्हणून उलट तुमच्याकडूनच पैसे काढतो. कुणी या जनावराच्या जोरावर पैशाचा पाऊस पाडून देतो म्हणत असेल, तर त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. आणि गिऱ्हाईक खरं निघालं तरी ते बऱ्याचदा वनखात्यानं किंवा पोलिसांनी पाठवलेलं असतं. हे जनावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे: तीन ते सात वर्षं कैद, वर किमान पंचवीस हजार दंड, आणि जामीन सहजी नाही. मेसेज लिहिणारा त्यात कुठंच नसतो.

इकडे पोत्यातलं जनावर काही खात नाही. बिबट्यापुढं अंगाचा गोळा केला की बहुतेक वेळा निभावतं. माणूस तोच गोळा उचलून पोत्यात टाकतो. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू, तेही आईच्या शेपटीच्या बुडाशी बसून फिरतं. म्हणजे एक मादी गेली की बऱ्याचदा दोन जीव जातात, आणि भरून यायला वर्षं लागतात.

या मेसेजला उत्तर म्हणून काही मंडळी दुसरं टोक गाठतात, ‘शेतकऱ्याचा मित्र, कीटकनाशकाची गरज नाही’ वगैरे. भाऊ, ते उधई खातं, तुमच्या कपाशीवरची गुलाबी बोंडअळी नाही. केळीच्या बागेतही त्याच्याकडून चमत्काराची आशा नको. त्याला जगू द्यायला एवढा हिशेब कशाला लागतो, हे मला कळत नाही.

रात्री बांधावर किंवा विहिरीत पडलेलं आढळलं, तर वनखात्याचा १९२६ हा नंबर लावा. दूध, अंडं, भाकरी काही देऊ नका, कुत्री दूर ठेवा, गर्दी पांगवा. व्हिडिओ काढायचा मोह आवरला नाही तर निदान गावाचं, नाल्याचं नाव टाकू नका. बघणाऱ्यांत तो ‘मुंबईची पार्टी’वालाही असतो.