कष्टकऱ्याला डिप्रेशन येत नाही म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा, की डिप्रेशन हे शहरातल्या रिकाम्या लोकांचं फॅड, शेतात राबणाऱ्याला ते होत नाही, मराठीत त्याला धड शब्दसुद्धा नाही, खरंच आजारी असते तर लोक डॉक्टरकडे गेले नसते का, आणि काउन्सेलिंग परदेशी आहे, आपल्याकडे घर आहे देव आहे. खाली भराभर अंगठे आणि नमस्कार. मी एकेक मुद्दा घेतेय कारण हे वाचून कुणीतरी अजून वर्षभर गप्प बसेल याची मला खरंच भीती वाटते.

"राबणाऱ्याला होत नाही"

निम्हान्सने (बंगळुरूची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था) २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मोठा सर्व्हे केला होता (महाराष्ट्र त्यात नव्हता). महानगरांत मानसिक आजारांचं प्रमाण खेड्यापेक्षा जास्त निघालं, हे मान्य. पण त्याच सर्व्हेत कमी उत्पन्नाच्या घरांत त्रास जास्त सापडला, मग रिकामटेकड्या श्रीमंतांचा आजार कसा झाला हा? आणि २०२१ चे एनसीआरबीचे (देशातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणारा सरकारी विभाग) आकडे बघा, देशात १,६४,०३३ आत्महत्या, त्यातले ४२,००४ रोजंदारीवरचे, म्हणजे चारात एक. प्रत्येक वेळी मागे डिप्रेशनच असतं असं मी म्हणत नाहीये, कर्ज असतं, दारू असते, घरातली मारहाण असते, पण राबणाऱ्याचं मन थकतच नाही असं तरी कुणी म्हणू नका.

"मराठीत शब्दच नाही"

नैराश्य हा शब्द पुस्तकी आहे, खरंय, दवाखान्यात येऊन कुणी "मला नैराश्य आलंय" म्हणत नाही. पण जिवाची घालमेल होते, कशात मन लागत नाही, हातपाय गळून गेलेत, डोक्यात विचारांचं चक्र थांबत नाही, भूकच मेलीये, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, हे कोण बोलतं मग? आपल्याच आया, मावश्या, गडी माणसं बोलतात. आणि 'टेन्शन' तर आता शेतातल्या बाईच्याही तोंडी आहे. झिंबाब्वेत शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, अर्थ अति विचार करणं, तिथे दवाखान्याबाहेर बाकावर बसून आज्या लोकांशी बोलतात आणि त्या उपचाराची सुरुवातच या शब्दापासून होते. तिथे कुणी म्हटलं नाही की तुमच्या भाषेत डिप्रेशन नाही म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही.

"आजारी असते तर डॉक्टरकडे गेले असते"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण जातात हो, जातातच. माझी आत्या तीन वर्षं जात होती. अंगात ताकद नाही, डोकं जड, छातीत धडधड. दर वेळी एक सलाईन, एक ताकदीचं इंजेक्शन, रक्त तपासलं की सगळं नॉर्मल, मग घरचे म्हणायचे तुला काही झालेलं नाही, उगाच पैसे घालवतेस. त्या तीन वर्षांत "झोप लागते का, रडू येतं का, घरी काय चाललंय" हे तिला एकाही डॉक्टरने विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही कारण वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवतील ही धास्ती, वर घरात लग्नाच्या मुली. याला तुम्ही डॉक्टरकडे न जाणं म्हणणार का? निम्हान्सच्या सर्व्हेत डिप्रेशन असलेल्या दर १०० पैकी साधारण ८५ जण उपचाराविना होते, त्यात अशा किती आत्या असतील.

आणि मदत दारापर्यंत आली की लोक घेतात. विदर्भात 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायचं, गरज पडली तर पुढे डॉक्टरकडे न्यायचं. ३० गावांत डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के. गावं तीच होती.

"काउन्सेलिंग परदेशी आहे, आपल्याला चालत नाही"

शेजारच्या गोव्यात जाऊन विचारा. संगाथ ही संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या टीमने हेच तपासलं. १० सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनचे जवळपास पाचशे पेशंट घेतले, निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत स्थानिक माणसाकडून सहा ते आठ भेटी, भेट अर्ध्यापाऊण तासाची. हे समुपदेशक मानसोपचारातले पदवीधर नव्हते, गोव्यातलेच साधे लोक, ट्रेनिंग देऊन तयार केलेले. भेटीत काय करायचे, तर खचलेला माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, बाहेर पडत नाही, बहिणीला फोन करत नाही, परसात पाणी घालत नाही, आणि सोडत गेला की अजून खचतो, म्हणून त्यातली छोटी छोटी कामं ठरवून परत सुरू करायची, जमलं तर घरच्या कुणाला सोबत घ्यायचं. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के सावरले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के.

त्याआधीचा 'मानस' अभ्यास, २०१० चा, तोही गोव्यातलाच आणि तिथेही असेच ट्रेनिंग दिलेले स्थानिक समुपदेशक. सरकारी केंद्रांत मोठा फरक पडला, खाजगी दवाखान्यांत पडला नाही, तिथले पेशंट जास्तीच्या मदतीशिवायही जवळपास तितकेच बरे होत होते. माझा अंदाज असा की ओळखीचा फॅमिली डॉक्टर दोन मिनिटं बसून चार शब्द बोलतो, त्याचाही गुण येत असावा.

मूळ पद्धत बाहेरून आली असेल, पण ती आपल्या माणसाच्या तोंडून, आपल्या शब्दांत, आपल्याच आरोग्य केंद्रात मिळाली, अजून काय आपलं हवंय?

"घर आहे, देव आहे"

असू देत की, दोन्ही हवेत. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दुवा मागायला आलेल्यांना तिथेच डॉक्टरही भेटतो आणि गोळ्याही मिळतात, कुणी कुणाची श्रद्धा काढून घेतली नाही. पण घरच्यांनाच सांगता येत नाही असंही दुःख असतं, कधी कधी ते घरातूनच आलेलं असतं, तेव्हा बाहेरचं एक माणूस लागतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबरही त्या मेसेजइतकाच फॉरवर्ड करा.