'यंदाचा शेवटचा' हे कधी ठरवायचं?

एमपीएससीच्या, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या, राज्यसेवा परीक्षेच्या निकालाची पीडीएफ मोबाईलवर उघडायची, सर्चमध्ये बैठक क्रमांक टाकायचा, काहीच सापडलं नाही की एखादा आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा टाकायचा. पुण्यात सदाशिव पेठेत, नव्या पेठेत कुठल्याही अभ्यासिकेबाहेरच्या टपरीवर निकालाच्या दिवशी हे बघायला मिळतं. मग तासाभरात दोन वाक्यं कानावर येतात. 'पेपरच फालतू काढला होता' हे पहिलं. 'थोडक्यात गेलं रे, पुढच्या वेळी काढतोच' हे दुसरं. दुसरं वाक्य चौथ्या-पाचव्यांदा म्हणणाऱ्या मुलामुलींच्या जवळच्या माणसांसाठी ही पोस्ट आहे. म्हणजे दादा, ताई, मामा, रूम पार्टनर, गावातले सर.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ही परीक्षा तुम्हाला थांबवत नाही. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये संधींची संख्या बांधून दिली होती, ती २०२२ मध्ये उठली. उठली ते चांगलंच झालं, पण त्याचा अर्थ असा की बाविसाव्या वर्षी सुरुवात केलेल्या मुलाला पुढची सोळा वर्षं 'आता बस' म्हणणारं कुणी नाही. कॉट बेसिसची खोली, मेस, अभ्यासिका, चहा-नाष्टा, टेस्ट सिरीज असं सगळं धरलं तर पुण्यात महिन्याला दहा हजार सहज जातात. पाच वर्षांचे सहा लाख झाले. बापानं सोयाबीन विकून पाठवलेले सहा लाख.

म्हणून थांबायची तारीख आपणच ठरवायची, आणि ती निकालानंतर नाही, तर फॉर्म भरताना. निकालानंतरच्या आठवड्यात घेतलेला कुठलाच निर्णय धड नसतो, सोडायचाही नाही आणि पुढे चालू ठेवायचाही नाही. फॉर्म भरताना डोकं शांत असतं. तेव्हा कागदावर लिहायचं: 'अमुक परीक्षेचा निकाल, त्यानंतर अमुक महिन्याच्या १ तारखेपासून दुसरं काम.' एक प्रत घरच्या एका माणसाकडे द्यायची. एकाकडेच. सगळ्या घराला दिली की तो कागद रोजच्या टोमण्याचा विषय होतो.

पण तारीख ठरवायची कशाच्या जोरावर? इथे बहुतेकांचं चुकतं, कारण सल्ला देणारे 'मन काय म्हणतं?' असं विचारतात. मन पाच वर्षं एकच म्हणत असतं. त्यापेक्षा वहीचं एक पान घ्या आणि चार रकाने आखा: परीक्षा, आपले गुण, कट-ऑफ, फरक. प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ. नुसते गुण बघू नका. पेपर सोपा आला की गुण वाढतात, जागा कमी-जास्त झाल्या की कट-ऑफ हलतो. बघायचा तो फरक. १८, ११, ६, ३ असा उतरत चालला असेल तर आणखी एक प्रयत्न मागायचा त्या मुलाला हक्क आहे, घरच्यांनी गप्प बसावं. १६, २१, १४, १९ असा असेल तर कमतरता मेहनतीची नाही. तास वाढवून तो फरक जात नाही, हे चार वर्षांनी दाखवून दिलेलं असतं.

सीसॅटची, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या दुसऱ्या, कल चाचणीच्या पेपरची ओळ वेगळी लिहा. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग वजा. आता तो पेपर फक्त पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६ गुण. सत्तावीस प्रश्न बरोबर सोडवले आणि बाकी सोडून दिले तरी ६७.५ होतात. उलट ३५ बरोबर आणि ३० चूक असा पेपर सोडवणारा ६८.७५ वर कसाबसा तगतो. इथे दोनदा नापास झालेल्या मुलाचा घोळ बहुतेक वेळा ज्ञानाचा नसतो, घाबरून गोल रंगवत सुटण्याचा असतो. तो सुटण्यासारखा आहे. त्यासाठी आयुष्याचा निर्णय बदलू नका.

२०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं लिहायची. नऊ पेपर, त्यातल्या सातांचे गुण गुणवत्ता यादीसाठी धरतात, एकूण १७५०. त्यामुळे 'आता सगळ्यांचीच पाटी कोरी, मलाही नवी संधी' हे वाक्य जोरात आहे. तपासून बघणं सोपं आहे. सामान्य अध्ययनाचा एक पेपर, तीन तास, हाताने, घड्याळ लावून लिहायला सांगा आणि अनोळखी माणसाकडून तपासून घ्या. दोन तासांनी हात थांबतो की विचार थांबतो, ते स्वतःलाच कळतं. हा पेपर लिहायचं जो तीन महिने टाळतो, त्याने उत्तर दिलेलंच आहे.

आता समजा, थांबायचं ठरलं. पहिले तीन आठवडे काहीही विचारू नका. 'पुढे काय?' तर अजिबात नको. या काळात करायचं ते एवढंच: रात्री अकराला झोप, सकाळी ठरल्या वेळी उठणं, दोन वेळचं घरचं जेवण, रोज अंगमेहनतीचं एक काम. शेतात पाणी धरणं, गाडी धुणं, काहीही चालेल. वर्षानुवर्षं दहा तास खुर्चीत बसलेल्या शरीराला पुन्हा दिवस-रात्र कळायला वेळ लागतो. लोक नेमकी उलटी चूक करतात: निकालाच्या चौथ्या दिवशी ओळखीच्या शेठकडे चिकटवून देतात. महिनाभरात मुलगा ते काम सोडतो आणि वर 'कुठेच टिकत नाही' असा शिक्का बसतो.

मग येतो 'ध्येय' नावाचा प्रश्न. माझं स्पष्ट मत आहे की सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या थकलेल्या मुलाला 'तुझी आवड काय?' विचारणं हा छळ आहे. आवड विचार करून सापडत नाही. आपण केलेल्या कामामुळे एखाद्या माणसाची अडचण सुटली आणि तो पुन्हा आपल्याकडे आला, की तिथून ती सुरू होते. गडचिरोलीत शोधग्रामला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या 'निर्माण' उपक्रमात तरुणांना खऱ्या सामाजिक प्रश्नांसमोर नेलं जातं, ते मला म्हणूनच पटतं. प्रत्येकाला तिथे जाता येणार नाही. घरच्या घरी असं करा.

दोन महिन्यांत चार कामं, प्रत्येकी वीस तास. अट एकच: काम कुणासाठी करतोय त्याचं नाव सांगता आलं पाहिजे. 'समाजासाठी' चालणार नाही. शेजारच्या काकांच्या सातबाऱ्यावर नाव चुकलंय, त्यांचा दुरुस्तीचा अर्ज आणि त्याचा पाठपुरावा. चौथीतल्या चार पोरांचा शिष्यवृत्तीचा अभ्यास. गावच्या पतसंस्थेत किंवा शेतकरी कंपनीत नोंदी. बचत गटाचं बँकेतलं अडलेलं प्रकरण. या मुलांना शासन निर्णय वाचता येतो, ग्रामपंचायतीचे नियम तोंडपाठ असतात, नेटकं मराठी लिहिता येतं. गावात याला किती मागणी आहे हे त्यांना माहीतच नसतं, कारण पाच वर्षं त्या माहितीची किंमत फक्त दोन गुण होती.

प्रत्येक कामानंतर तीन गोष्टी लिहायच्या. वेळ कसा गेला? त्यातला कंटाळवाणा भाग पुन्हा करशील का? त्या माणसाने परत फोन केला का? मला तिसरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिल्या दोन्हींत माणूस स्वतःला फसवू शकतो.

यात जे बिघडतं, ते ठरलेलं आहे. एक, प्रमाणपत्रांचा छंद. ऑनलाइन कोर्समागून कोर्स, कारण तिथे पुन्हा विद्यार्थी राहता येतं. दोन, लगेच कर्ज काढून गोठा किंवा दुकान. आधी जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत जा. बँका त्या चालवतात, राहणं-जेवण-शिकणं मोफत असतं. धंदा झेपणारा नाही हे तिथेच कळलं तरी लाखभर वाचले. तीन, स्वतःचीच अकॅडमी काढणं. शिकवायची खरी हातोटी असेल तर जरूर काढा, पण बऱ्याचदा तो त्याच गल्लीत राहण्याचा बहाणा असतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही तसंच. पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन मिळतं, अनुभव मिळतो, पण ती कायम नोकरी नाही. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

बायोडेटात मधली वर्षं लपवू नका. एक ओळ पुरते: '२०१९ ते २०२४, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, पूर्व परीक्षा दोनदा उत्तीर्ण.' त्याखाली वीस-वीस तासांची ती चार कामं, आकड्यांसकट: किती अर्ज, किती मुलं, किती नोंदी. समोरचा त्यावरच बोलतो.

मुलींची गोष्ट वेगळी आहे. त्यांना पाच वर्षं कुणी देत नाही. दोन प्रयत्न, मग स्थळ. त्यांची तारीख बहुतेक वेळा दुसऱ्यानेच ठरवलेली असते, म्हणून वरचा रकान्यांचा कागद त्यांना जास्त लागतो. फरक ३ वर आलेला असताना थांबवलं जातंय, हे आई-वडिलांसमोर आकड्यांत ठेवता येतं. रडून सांगितलेलं तिथे ऐकलं जात नाही, हे वाईट आहे, पण तसंच आहे.

आणि एक गोष्ट ज्यात थांबून बघायचं नाही. मुलगा जेवत नाही, झोपत नाही, पुस्तकं-वस्तू वाटून टाकतोय, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' असं बोलतोय, तर त्याला सरळ विचारा: 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ वर फोन लावा. ही टेलिमानस सेवा, चोवीस तास, मोफत, मराठीत. फोन तुम्हीच लावा आणि मग त्याच्या हातात द्या.

राहिलं लग्नकार्यातलं 'काय झालं रे तुझ्या परीक्षेचं?' याचं उत्तर आधीच पाठ करून ठेवायला सांगा, सात-आठ शब्दांचं: 'परीक्षा थांबवली काका, सध्या पतसंस्थेत काम बघतोय.' एवढं बोलून ताटाकडे बघायचं. काका पुढे 'अजून एकदा द्यायला हवी होतीस' म्हणतीलच, तेव्हा शेजारी बसलेल्या तुम्ही म्हणायचं, 'काका, जिलबी घ्या.'