आता उघडलंच आहे तर…

फायबरग्लास कुजत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. कॅम्पिंगचा जुना फायबरग्लासचा ट्रेलर विकणारा प्रत्येक माणूस हे वाक्य म्हणतो आणि ते शंभर टक्के खरं असतं. फक्त त्या फायबरग्लासला जे जे ठोकलेलं, चिकटवलेलं आणि टांगलेलं असतं ते सगळं कुजतं, गंजतं किंवा उंदीर खातात. हे दुसरं वाक्य विकणारा म्हणत नाही. त्याने का म्हणावं?

आमचा ट्रेलर १९७४ सालचा बोलर. कॅनडातल्या विनिपेगमध्ये राहायचं आणि बोलरकडे बघायचंसुद्धा नाही, म्हणजे पैठणात जन्म काढून पैठणीला हात न लावण्यासारखं. हा गोलमटोल ट्रेलर १९६८ मध्ये इथेच जन्मला. रे ओलेको नावाच्या गृहस्थांनी तो काढला. त्याआधी त्यांनी फायबरग्लासचा सेप्टिक टँक बनवला होता. टाकी एवढी हलकी आणि टिकाऊ होते, तर त्याच मालाचा कॅम्पिंगचा ट्रेलर का होऊ नये, असा त्यांचा सरळ हिशोब. साच्यातून दोन अर्ध्या वाट्या काढायच्या, एक वर, एक खाली, कमरेवर जोडायच्या आणि जोडावर पट्टी मारायची. लांबी दांड्यासकट तेरा फूट, वजन साडेचारशे किलोच्या आसपास. साधी कारही ओढून नेते. आपण ज्याच्यात झोपणार आहोत ते नात्याने सेप्टिक टँकचं धाकटं भावंड आहे, ही माहिती मी माझ्या बायकोला, मंजिरीला, ट्रेलर दारात लागल्यावर दिली. आधी देण्यासारखी ती नव्हतीच.

मला ही बाधा झाली २०१८ साली. बोलरच्या पन्नाशीचा मेळावा विनिपेगमध्ये भरला होता आणि लांबलांबून शेकडो ट्रेलर आले होते. पिवळे, पोपटी, आकाशी, दाराशी रंगीत दिवे, आत बसून आज्या विणकाम करतायत. एकाच्याही मालकाच्या चेहऱ्यावर आपण काय भोगलं याची खूण नव्हती. सगळे हसतमुख. ही माणसं खोटारडी असतात हे आता कळतंय.

विकत घेताना समोरचा म्हणाला, टायर नवे आहेत. नक्षी खरंच ताजी होती. पण टायरच्या बाजूला एक चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर होतं २३०९. म्हणजे २००९ सालातला तेविसावा आठवडा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते फारसे चाललेलेच नव्हते, हेही खरं असणार. माणूस कुठे खोटं बोलत होता? शिवाय एक खिडकी किंचित गळते, एवढं त्याने आपणहून सांगितलं. किंचित.

तर सुरुवात त्या खिडकीपासून झाली. मराठी घरांची जेवढी धूळधाण एका वाक्याने केली आहे तेवढी भूकंपानेही केली नसेल, ते वाक्य म्हणजे “आता उघडलंच आहे तर…”. नळ ठिबकतो म्हणून प्लंबर बोलवावा, त्याने एक टाइल काढावी, कोणीतरी हे वाक्य म्हणावं आणि दिवाळीपर्यंत घरात बाथरूम नसावी. मी खिडकीची चौकट काढून हातात धरली होती, मंजिरी चहा घेऊन आली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, “आता उघडलंच आहे तर खालची जमीन पण बघून घे ना. वास येतोय.”

जमिनीकडे येतो, पण आधी सिलिकॉन. आमच्या ट्रेलरच्या आधीच्या मालकाची श्रद्धा फक्त सिलिकॉनवर होती. पाणी आलं की तो सिलिकॉन लावायचा. परत आलं की त्याच्यावर सिलिकॉन लावायचा. अडचण एवढीच की सिलिकॉनला जगात काहीही धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. खिडक्यांना लागते ब्यूटिल टेप, काळी, चिवट, कायम मऊ राहणारी. ती चौकटीखाली घालायची, स्क्रू आवळायचे, बाहेर आलेली कापून टाकायची, झालं. पण ती लावण्याआधी जुनं सिलिकॉन पूर्ण निघायला हवं. ते प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं, अंगठ्याने चोळायचं, त्याच्या रबरी सुरळ्या होतात, त्या बोटाला चिकटतात, तिथून पँटला, पँटवरून सोफ्याला. पांढऱ्या थराखाली पारदर्शक थर निघाला, त्याखाली बाथरूमसाठी मिळतो तो राखाडी. राखाडीवर एका ठिकाणी अंगठ्याचा स्वच्छ ठसा होता, रेघा मोजता येतील असा. या गृहस्थाला मी कधी भेटलो नाही, पण तलाठी कचेरीत ओळख पटवायला उभा राहीन.

जमीन प्लायवुडची. मधे टणक. कडेला, बाकाखाली, स्क्रूड्रायव्हर टेकवला तो मुठीपर्यंत आत गेला. खिडकीतून आलेलं पाणी भिंतीच्या आतून गुपचूप उतरतं आणि बाकाखाली मुक्काम करतं. भिंतीला आतून फोमचं अस्तर असतं, वर सुरकुतलेलं व्हिनाइल. बोलरवाले त्याला हत्तीची कातडी म्हणतात. त्यामुळे ओल बाहेर दिसतच नाही. त्या कातडीआड उंदरांनी मात्र पिढ्या काढल्या होत्या. बाक काढलं. बाक काढायला कपाट आड येत होतं, म्हणून कपाट काढलं. कपाट काढल्यावर छत खाली आलं. अगदी अंगावर नाही, दोन बोटं, पण आलं. या ट्रेलरला आत सांगाडाच नसतो. टरफल हाच सांगाडा आणि ते कपाट हाच खांब. मग दुकानातून लाकडाचा दांडा आणून छताला टेकू दिला. उरलेला उन्हाळा आम्ही त्या दांड्याला वळसा घालून आतबाहेर केलं.

आता बाबा. बाबांचं सगळं आयुष्य बसच्या बॉड्या बांधणाऱ्या वर्कशॉपमध्ये गेलं. पत्रा, अँगल आणि रिबीट याखेरीज जगात काही आहे यावर त्यांचा विश्वास नाही. आमच्या सकाळी नऊला त्यांचे संध्याकाळचे साडेसात वाजतात, म्हणजे बातम्या संपलेल्या आणि जेवण लागायचं असतं. त्या मोकळ्या वेळात ते व्हिडिओ कॉलवर ट्रेलरची तपासणी करत.

“रिबिटा दाखव.”

मी दाखवल्या. बोलरमध्ये कपाटं, शेगडीचा ओटा, सगळं रिवेटनी टरफलाला लटकवलेलं असतं, आणि प्रत्येक रिवेट आरपार जाते. म्हणजे जेवढ्या रिवेट तेवढी भोकं.

“एवढी भोकं? पावसाळ्यात करता काय तुम्ही?”

“सिलिकॉन लावतात, बाबा.”

बाबांच्या मते रिवेट काढायची रीत एकच, छिन्नी आणि हातोडा. फायबरग्लासवर छिन्नी चालवली तर रिवेटसोबत खिडकीएवढा तुकडा येतो, म्हणून ड्रिलने डोकं उडवावं लागतं. पण जुनी रिवेट ड्रिल लावला की भोकात गरगरा फिरायला लागते. ड्रिल फिरतो, रिवेट फिरते, कापलं काहीच जात नाही. मग आतून कोणीतरी पक्कडीने धरायचं. आतून मंजिरी धरायची, बाहेरून मी ड्रिल मारायचो, आणि मधे तीन-चार मिलिमीटर जाडीच्या भिंतीतून संसार चालायचा. “धरलंस का?” “धरलंय कधीचं!” “हीच का?” “हीच म्हणजे कुठली?” शेजारचे युक्रेनियन वंशाचे आजोबा कुंपणापाशी खुर्ची टाकून बसत. त्यांना मराठी येत नाही, पण कोण कोणाला काय म्हणतंय हे त्यांना नेमकं कळत असावं, कारण ते योग्य जागी मान हलवायचे.

जुनी भोकं बुजवायला रेझिन. इथे विनिपेगच्या हवेचा संबंध येतो. पॉलिएस्टर रेझिनला ऊब लागते. गारठ्यात ते घट्टच होत नाही. आमच्याकडे अशी ऊब मे महिन्याच्या शेवटी येते आणि सप्टेंबरात निघून जाते. नेमकं त्याच काळात डासही येतात. फायबरग्लास घासला की काचेची बारीक कुसळं उडतात, ती बाहीच्या शिवणीतून आत शिरतात आणि कातडीत बसतात. रात्री खाजवताना हे डासाचं की ग्लासचं, हे कळायला मार्ग नाही. मंजिरीने माझे कामाचे कपडे वेगळे धुवायला काढले, नंतर मलाही वेगळ्या खोलीत काढलं.

रेझिनमध्ये हार्डनर टाकायचा तो शेकडा एक-दोन टक्के, थेंब मोजून. एकदा मिसळलं की पंधराएक मिनिटं मिळतात. आत काचेची मॅट भिजवून भोकावर बसवायची, ब्रशने टोचून टोचून हवा काढायची. थर पातळ असेल तर शांतपणे सुकतो, पण डब्यात साठून राहिलेलं रेझिन आपल्याच उष्णतेने तापतं. मी हार्डनर टाकून ढवळलं आणि फोन वाजला. आपल्याकडे वडिलांचा फोन कापायची पद्धत नाही.

“काय करतोयस?”

“रेझिन मिसळलंय बाबा, पाच मिनिटांनी…”

“बरं, ते राहू दे. ॲक्सल दाखव.”

मी फोन घेऊन ट्रेलरखाली आडवा झालो.

“पाटे कुठायत?”

“पाटे नाहीत.”

“मग गाडी बसते कशावर?”

“रबरावर.”

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. कॉल तुटला की काय म्हणून मी फोन हलवला. मग मी समजावून सांगितलं की चौकोनी नळीत मधे एक दांडा असतो, त्याच्या भोवती रबराच्या कांड्या ठासलेल्या असतात. चाक वर उचललं की दांडा फिरतो, रबर पिळलं जातं आणि परत ढकलतं. पन्नास वर्षांत ते रबर दगड झालंय, म्हणून ट्रेलर बसलाय. बाबा म्हणाले, रबर बदल. मी म्हणालो, बदलता येत नाही, अख्खा ॲक्सलच नवा घ्यायचा, तोही माप देऊन करून घ्यायचा. हे सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, “आणि ही गोरी माणसं चंद्रावर गेली.” मी बाहेर आलो तेव्हा डब्यातून धूर निघत होता आणि ब्रश त्यात कायमचा उभा होता. शेजारचे आजोबा खुर्ची घेऊन चार पावलं मागे सरकले होते.

ॲक्सल मागवताना दुकानदाराने विचारलं, ब्रेकसकट की बिनब्रेकचा? आणि मग तो त्याच्या भाषेत तेच म्हणाला. उघडलंच आहे तर. ब्रेक घेतले. ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात, म्हणून कारमध्ये त्यांचा कंट्रोलर आला. कंट्रोलर आला म्हणून मागचा चार पिनांचा प्लग जाऊन सात पिनांचा आला. सात पिना आल्या म्हणून ट्रेलरचं जुनं वायरिंग बदललं. वायरिंग बदलतोच आहोत तर अठरा वॅट खाणारे बल्ब कशाला ठेवायचे, दोन वॅटचे एलईडी घातले. मग छतावर शंभर वॅटचं सोलर पॅनेल आलं आणि त्यासाठी लिथियमची बॅटरी आली. ही बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते. विनिपेगमध्ये जानेवारीत उणे तीस होतं. त्यामुळे बॅटरी हिवाळाभर आमच्या कोठीत तांदळाच्या डब्याशेजारी राहते, आणि चैत्रात गौर बसवतात तशी बाहेर निघते.

जुनं ते सगळं जसंच्या तसं ठेवा असं म्हणणारा एक कर्मठ पंथ बोलरवाल्यांत आहे. मूळची बर्फपेटी ठेवा, मूळचे पडदे ठेवा. त्यांनी बोलरमध्ये कधी फोडणी केलेली नाही. दहा फुटांच्या बंद अंड्यात लाल मिरचीची फोडणी पडली की आत माणूस राहू शकत नाही. मी, मंजिरी आणि मुलगा, आम्ही तिघंही दारातून एकदम बाहेर पडायचा प्रयत्न केला, आणि ते दार एकाच माणसाचं आहे. म्हणून छतातलं चौदा इंची झाकण काढून तिथे पंखा बसवला. माझ्या मते ट्रेलरमधली सगळ्यात मोलाची सुधारणा तीच.

पहिली सफर बर्ड्स हिल पार्कला. शहरापासून अर्ध्या तासावर. मुलगा म्हणाला, इथे तर आपण सायकलने आलो होतो. जागेवर ट्रेलर मागे घ्यायचा म्हणजे स्टिअरिंग उलटं फिरवायचं. मागे मंजिरी उभी राहून “येऊ दे, येऊ दे, येऊ दे” करत होती. कुठल्या बाजूने येऊ द्यायचं हे त्या हाकेत कधीच नसतं. आजूबाजूचे लोक पुढे येऊन मदत करू लागले आणि त्यातले दोघे “येऊ दे” म्हणायला शिकले. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली तेव्हा तेच दोघे धावत आले.

रात्री पाऊस आला. चांगला, प्रेअरीत येतो तसा आडवातिडवा. मी टॉर्च घेऊन एकेक खिडकी, एकेक रिवेट तपासत बसलो. कुठेही थेंब नाही. पहाटे माझ्या कपाळावर टपकन थेंब पडला. मग मंजिरीच्या गालावर. छताच्या आतून पाणी सुटलं होतं, भिंती घामेजल्या होत्या, मुलाची उशी ओली. खिडक्या कोरड्या, पंख्याची कड कोरडी. पाणी बाहेरचं नव्हतंच. तीन माणसांचा रात्रभराचा श्वास आणि वरणभाताची वाफ. जायला एक फट म्हणून मी शिल्लक ठेवली नव्हती, आणि “पाऊस आत येईल” म्हणून पंख्याचं झाकणही घट्ट लावलेलं. त्या आधीच्या मालकाकडे निदान हा प्रश्न नव्हता.

सकाळी नऊला फोन आला. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी समाधान होतं.

“बसच्या खिडक्या पूर्ण लागत नाहीत म्हणून लोक मला जन्मभर बोलले,” ते म्हणाले. “त्यांना म्हणावं, पावसात काचा आतून ओल्या झालेली एक बस दाखवा.”