टिचकीला एक किलोमीटर

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण 12,500 किलोमीटर. हे ज्ञान मला डोक्याच्या मागच्या बाजूने मिळालं. हल्ली विमानातला टीव्हीचा पडदा पुढच्या सीटच्या पाठीत असतो आणि तो बोटाने दाबावा लागतो. माझ्या मागच्या काकांनी उभी नोकरी टाइपरायटर बडवण्यात काढली असावी. नकाशा उघड, अंतर बघ, बंद कर, पुन्हा उघड. दर किलोमीटरला माझ्या टाळक्यात एक टिचकी.

मस्कत मागे पडलं तेव्हा मी रागाने वळून पाहिलं. त्यांना वाटलं, बाई गप्पा मारायला वळल्या.

“अहो ताई, अमेरिका पश्चिमेला ना? मग हा वर कुठे चाललाय?”

“पृथ्वी गोल आहे, काका. वरून जवळ पडतं.”

“नकाशात तर सरळ रेघ येते. अरबस्तान, सहारा, समुद्र, की अमेरिका!”

“नकाशा सपाट असतो.”

“बरं. 12,500 भागिले 900. चौदा तास झाले. हे सोळा कुठून आणतात?”

“वरचा वारा पश्चिमेकडून येतो. आपल्याला समोरून लागतो.”

काकांनी खिडकीची झडप वर केली. शेजारचे दोघे दचकून उठले. “कसला वारा? एक पान हलत नाहीये! स्टेशनला जायचं म्हटलं की रिक्षावाला बाजारातून फिरवतो, त्यातलाच प्रकार.” आणि टक्.

“अहो, झोपा आता,” काकू म्हणाल्या. हे त्या लग्नापासून म्हणत असाव्यात.

राग याचा, की फिरवतात हे खरंच आहे. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद, 2025 च्या एप्रिलपासून आपल्या विमानांना पाकिस्तानचं. देशांनी भांडायचं आणि वळसा माझ्या गुडघ्यांनी सोसायचा. पाय लांब करायचे, जादा पैसे. खिडकी हवी, जादा पैसे. टिचक्या तेवढ्या तिकिटात धरलेल्या.

त्यात ते सोळा तास म्हणजे नुसते हवेतले. ठाण्याहून विमानतळ, ‘तीन तास आधी या’, बॅगांची रांग, शिक्क्याची रांग, हे कोण मोजतं? उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. रात्री एकला उडालेली मी तिथल्या सकाळी साडेसातच्या सुमाराला उतरले. फोनवर बहीण म्हणाली, “साडेसहा तासांत? मग काय, झोपेतच पोचलीस!” तिला उत्तर द्यायचं त्राण नव्हतं.

तिथल्या इमिग्रेशनच्या रांगेत काका नेमके माझ्या मागे. “ताई, येताना किती लागतात हो?”

“चौदा-एक तास. वारा पाठीमागून असतो.”

“म्हणजे दोन तास कमी बसवणार आणि पैसे तेवढेच?” काका माझ्याकडेच संशयाने बघायला लागले. “आणि तुम्ही गुपचूप भरलेत?”