आधी कागद हातात द्या

परदेशातून चोरवाटेने आलेल्यांचं काय करायचं, असं विचारलं की 'हाकलून द्या' हे उत्तर हमखास टाळ्या घेतं. मला ते पटत नाही. दयामाया घटकाभर बाजूला ठेवू, निव्वळ व्यवहार म्हणून कोलंबियाकडे बघा.

२०२१ च्या सुरुवातीला तिथे सुमारे १७ लाख व्हेनेझुएलन होते आणि निम्म्याहून जास्त जणांकडे वैध कागद नव्हते. 'अशांना कोरोनाची लस मिळणार नाही,' असं डिसेंबरात म्हणणारे अध्यक्ष इव्हान डुके (उजव्या विचारांचे, बरं का) फेब्रुवारीत वेगळाच निर्णय घेऊन आले. ३१ जानेवारीपर्यंत देशात आलेल्या सगळ्यांना दहा वर्षं राहण्याची आणि काम करण्याची मुभा! आधी ऑनलाइन नोंदणी, मग बोटांचे ठसे, चेहरा, बुबुळं, आणि मग हातात कार्ड.

मला हे फार मोलाचं वाटतं. बिनकागदाचा माणूस अर्ध्या मजुरीत राबतो, पैसे बुडवले तरी पोलिसांकडे जायची त्याची छाती होत नाही. मग मालक स्थानिक मजुराला तरी पुरे पैसे कशाला देईल? म्हणजे झळ दोघांनाही बसते.

कार्डाने सगळं सुटलं असं नाही. बँका ते बघून खातं उघडायला कां-कूं करत. डॉक्टर-इंजिनिअरांचं घोडं पदवीच्या मान्यतेपाशी अडलं. पण निदान भांडायला हातात काहीतरी होतं.

बांगलादेशात नेमकं तेच नाही. २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून जास्त रोहिंग्यांना त्या देशाने आसरा दिला, याबद्दल त्याचे उपकारच मानायला हवेत. पण छावणीबाहेर कामाचा हक्क नाही. धडधाकट माणसं वर्षानुवर्षं रेशनकडे डोळे लावून बसली आहेत.

आणि आपण? १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. गोंदिया जिल्ह्यात तिबेटींची वसाहत आहे. थंडीत आपल्या शहरांत स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटींकडे नोंदणीचा दाखला असतो, तो ते ठरल्या मुदतीने नवा करून घेतात. ही सोय सरकारच्या मर्जीने झाली. ज्यांच्यावर मर्जी नाही, ते वाऱ्यावर.

२०१५ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत आश्रयाबद्दलचं खासगी विधेयक मांडलं, ते पुढे सरकलं नाही. सरकार कोणाचंही असो, निकष हवे तेवढे कडक ठेवा, ज्याला नाकारायचं त्याला कारण देऊन नाकारा. पण अर्ज कुठे करायचा आणि उत्तर किती दिवसांत मिळणार, एवढं तरी कायद्यात लिहा.